खटका

हॉलमधला बोर्ड काढायला वायरमन आला, तेव्हा आईने त्याला बजावलं, "पंख्याचा खटका तेवढा जपून काढ रे, घट्ट बसलाय." पोरगा विशीतला. हातातला टेस्टर तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "स्विच." तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला.

आमच्या घरात या एवढ्याशा वस्तूला चार नावं आहेत. आजी कळ म्हणायची, आई खटका म्हणते, मी बटण म्हणतो आणि माझी मुलगी स्विच. गंमत अशी की यातल्या एकाही शब्दाचा जन्माने विजेशी संबंध नाही.

स्विच म्हणजे इंग्रजीत आधी घोड्याला हाकायची बारीक, लवचिक छडी. आपल्याकडे निर्गुडीचा फोक असतो ना, तसली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागला, बहुधा डच-फ्लेमिश मुलखातून आलेला. पुढे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला तेच नाव पडलं. आपला सांधेवाला जो सांधा बदलतो, तो. तिथून तो शब्द विजेच्या तारांत शिरला. बटणाची कुळकथा जास्त नाजूक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ फुलाची कळी. म्हणजे मी कळी दाबत होतो आणि आजी कळ. या दोघींचं नातं लावायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

कळीपेक्षा कळ भारी. दाबली की दिवा लागतो, लावली की भांडण लागतं. पोटात आली तर सोसावी लागते. खटकाही तसाच, दोन घरांत उडतो, मनात राहतो, आणि गवयाच्या गळ्यातून निघाला तर दाद घेऊन जातो.

पण माझं मत विचाराल तर चौघांत आईचाच शब्द खरा. तो 'खट' आवाज शोभेचा नाही. चालू प्रवाह हळूहळू तोडायला गेलं, तर दूर होणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये ठिणगीची कमान धरते आणि धातू जळत जातो. विजेच्या दिव्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत ही मोठी डोकेदुखी होती. इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ मध्ये झटक्यात तुटणारा स्विच बनवला. आपलं बोट कितीही आळसावलेलं असो, एका बिंदूपुढे काम बोटाचं राहतच नाही. आतली स्प्रिंग पट्टीला खट्‌कन उडवते. घराघरांतला तो आवाज म्हणजे ठिणगीला वेळच न दिल्याची पावती. इंग्रजीने छडी उचलली, फ्रेंचांनी कळी खुडली, आणि आपल्याकडे कुणी तरी नुसता कान देऊन अचूक नाव ठेवून गेलं.

असो. तर मुलीच्या हट्टापायी आम्ही तो बोर्ड काढून काचेचा टच पॅनल बसवला. गुळगुळीत, काळाभोर, वर निळे ठिपके. आईने ठिपक्याला बोट लावलं, दिवा लागला. तिने पुन्हा लावलं, गेला. तिसऱ्यांदा लावून ती दिव्याकडे न बघता पॅनलकडेच बघत राहिली. "लागला हे कळायचं कसं?"

"दिसतोय की, आई."

"स्वयंपाकघरातून दिसतो का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं ती भिंतीपलीकडून आवाजावरून सांगत आली आहे, कोण आलं, कोण झोपायला गेलं, कोण पंखा चालू ठेवून निघालं.

मग तिने पॅनलला कान लावला आणि बोट टेकवलं. आतून अगदी बारीक 'टिक्' झालं.

"आहे की आत खटका!"

"रिले आहे तो काकू, विजेनेच चालू-बंद होणारा आतला स्विच," वायरमन म्हणाला.

रिले! जुन्या फ्रेंच शिकारीत दमलेल्या कुत्र्यांच्या जागी सोडायला वाटेत ताज्या दमाचे कुत्रे उभे ठेवत, त्याचं हे नाव. पुढे ते घोड्यांना लागलं. लांबच्या तारेतून येऊन थकलेल्या संदेशाला नव्या बॅटरीचा जोर देणाऱ्या तारायंत्रातल्या उपकरणालाही तेच मिळालं. आपली डाकही मुळात तीच, टप्प्याटप्प्यावर घोडे आणि भोई बदलत जाणारी.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती एकेका ठिपक्याला कान लावत पंख्याचा शोधत होती.