दीड मिलिमीटर

शिसवावर रंधा चालताना मधेच ‘चट्’ असा आवाज आला की वाकून बघायची गरज नसते. कुठेतरी टवका उडालेला असतो. त्या दिवशी दुपारपर्यंत मी तो आवाज इतक्यांदा ऐकला, की शेवटी रंधा आडवा ठेवला आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या. लाकडाला, रंध्याला आणि ही फळी निवडणाऱ्या माणसाला. फळी मीच निवडली होती.

काम जेवणाच्या टेबलाचं. वरचा भाग १८०० बाय ९०० मिलिमीटर, पाच फळ्या कडेला कड लावून चिकटवलेल्या. सपाट करून झाला होता, शेवटची सफाई तेवढी उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचा पहिला हात द्यायचा होता. माझ्या हिशेबाने हे तीन तासांचं काम.

फळ्या जुळवताना मी रंगावर भाळलो होतो. मधल्या फळीत गडद जांभळट पट्टे असे काही उतरले होते, की लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने चढतात हे कडेकडून बघायचं राहूनच गेलं. तसं बघूनही फार उपयोग झाला नसता म्हणा. शिसवात रेषा एका दिशेने चढतच नाहीत. अरुंद पट्ट्यांमध्ये एक पट्टा इकडे कलतो, शेजारचा तिकडे. रंधा कुठूनही चालवा, काही पट्टे सुलट लागतात, काही उलट. उलट पट्ट्यात पात्याची धार कापण्याआधी पाचरीसारखी आत शिरते, लाकडाचे रेषे, म्हणजे तंतू, उचलते, आणि लाकूड धारेच्या पुढेपुढे फाटत जातं. उचललेला तुकडा शेवटी मोडतो, पण मोडतो तो धारेच्या पातळीखाली. तो खड्डा म्हणजे टवका. माझ्या मधल्या फळीवर असे वीत-दीड वीत लांबीचे तीन पट्टे उठले होते, काही ठिकाणी अर्धा मिलिमीटर खोल. हाताला मांजराच्या जिभेसारखे लागत होते.

घासून काढता आले असते, हे खरं. पण अर्धा मिलिमीटर खड्डा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर खाली न्यायचा, ८० नंबरच्या कागदापासून सुरुवात करून. नुसती तेवढीच जागा घासली तर तिथे खोलगट बशी होते आणि तेल लागल्यावर उजेडात ती पहिल्यांदा दिसते. शिवाय रंधलेल्या शिसवाची रेषा जशी खोल दिसते तशी घासलेल्याची दिसत नाही, असं माझं मत आहे. त्यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात, घालोत.

माझा रंधा साडेचार नंबरचा. हे नंबर कुठून आले ते नवीन लोक नेहमी विचारतात. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने लोखंडी रंध्याची रचना बसवली. १८६९ साली स्टॅनली कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्याच मापांचे नंबर आजही चालतात. सफाईसाठी तीन, चार आणि साडेचार. चार नंबरचं पातं ५० मिलिमीटर रुंद, तळ साधारण २४५ मिलिमीटर लांब. साडेचारचं पातं ६० मिलिमीटर, वजन जास्त. सफाईचा रंधा आखूड का, तर लांब तळ उंचवट्यांवरूनच सरकतो आणि मधला खोलगट भाग सोडून देतो. सपाट करताना हेच हवं असतं, म्हणून सात नंबरचा तळ ५५० मिलिमीटरच्या पुढे जातो. सपाट झाल्यावर मात्र पापुद्रा सगळीकडून सारखा निघायला हवा, आणि त्यासाठी तळ पृष्ठभागाच्या बारीक चढउतारांमागे जाणारा लागतो.

साडेचार घेण्याआधी मी तीन महिने डोकं खपवलं होतं. जाड पातं, जड अंग, आणि पात्याची बैठक नेहमीच्या ४५ ऐवजी ५० अंशांची, कारण जास्त उभं पातं उलट रेषेत कमी उपटतं असं सगळे सांगतात. सांगतात ते खरंही आहे. म्हणून तर माझा जुना चार नंबर मी शिकाऊ मुलीच्या टेबलावर ढकलला होता. त्याच्या लट्टूला, म्हणजे पुढच्या गोल मुठीला, चीर, तळाच्या एका कोपऱ्यावर गंजाचे डाग. शिकायला पुरे, असं म्हणून.

तर टवके दिसल्यावर मी शहाण्या माणसाने करायचं ते सगळं केलं. पातं काढलं, १००० च्या दगडावर आणि मग ८००० च्या दगडावर धार काढली, मागची बाजू दगडावर सपाट टेकवून बर, म्हणजे धारेमागे उठलेली बारीक कोर, उतरवली. मनगटावरचे केस साफ उतरले. परत चालवलं. टवके थोडे लहान झाले, पण थांबले नाहीत. बैठक पुढे सरकवून तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येतं ती फट, अरुंद केलं, म्हणजे धारेच्या अगदी पुढे तळाचा दाब राहील. थोडा फरक. पातं इतकं कमी बाहेर ठेवलं की पापुद्र्यातून बोटाच्या रेघा दिसाव्यात. आता टवके नव्हते, पण अशा गतीने जुने खड्डे निघायला दोन दिवस लागले असते. आणि धार किंचित उतरली की, शिसवावर ती लवकर उतरते, ‘चट्’ पुन्हा हजर.

चार वाजले होते. मी स्टुलावर बसून पाणी पीत होतो तेव्हा मला जाणवलं, की दुसऱ्या टेबलावर बराच वेळ आवाज येतोय आणि त्यात एकही ‘चट्’ नाही. सलग, थोडा दबका, घट्ट शिवलेलं कापड उसवल्यासारखा.

शिकाऊ मुलगी त्याच मधल्या फळीच्या उरलेल्या तुकड्यावर सराव करत होती. मीच दिला होता तो तुकडा, वाया गेला तरी चालेल म्हणून. मी उठून पाहिलं. तिच्या रंध्याच्या तोंडातून पापुद्रा गुंडाळी न होता सरळ वर येत होता, फितीसारखा, आणि वर जाऊन मूठीवर कलंडत होता. माझ्या रंध्याचे ढलपे दिवसभर गोल गोल गुंडाळत पडले होते. मी तुकडा उचलला, दिव्याच्या उजेडात तिरका धरला. काचेसारखा. उलट-सुलट पट्टे दिसत होते, हाताला लागत नव्हते.

“पात्यावरची पत्ती धारेपासून किती मागे ठेवलीस?”

ती दचकलीच. “चुकलं का दादा?”

“किती ठेवलीस ते सांग.”

“धार काढून परत बसवताना जितकी पुढे जाईल तितकी नेली. तुम्ही दीड मिलिमीटर सांगितलं होतं, पण मला वाटलं ते जाड काढण्यासाठी असेल. बारीक काढायचं तर आणखी जवळ हवी ना?”

मी तिचा रंधा उलटा केला, लिव्हर सोडवून पातं बाहेर काढलं. पात्यावर बसणारी ती दुसरी पत्ती, चिपब्रेकर, धारेपासून इतकी जवळ होती की पुढे पात्याची फक्त एक बारीक चकाकती रेघ दिसत होती. जाड कागदाच्या जाडीएवढी. पाव मिलिमीटरसुद्धा नसेल.

दीड मिलिमीटर हे मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं होतं, आणि मी ते पुढच्या सगळ्यांना शिकवलं. चौदा वर्षांत का म्हणून विचारलं नाही. विशेष लाजेची गोष्ट अशी, की हे मला पूर्णपणे नवीन नव्हतं. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी पात्याखाली लाकूड कसं कापलं जातं याचं चित्रीकरण केलं होतं. पत्ती धारेपासून लांब असेल तर रेषे फाटत पुढे जाताना त्यात स्पष्ट दिसतात. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली की पापुद्रा वर निघताक्षणी पत्तीच्या उभ्या कडेवर आदळतो, तिथेच वाकतो, आणि मागे दाब देऊन रेषे उचलूच देत नाही. मी ते बघितलं होतं. ते यंत्राचं काम आहे, हाताच्या रंध्याला काय लागू, असं म्हणून सोडून दिलं होतं. दुपट्टी पातं, म्हणजे वर अशी पत्ती बसवलेलं पातं, हाताच्या रंध्यात अठराव्या शतकापासून आहे, आणि ते कशासाठी आलं असेल हा प्रश्न मला पडला नाही.

मी तिला एवढंच म्हणालो, “नाही चुकलं.” तिला ते पुरेसं वाटलं नसावं, पण त्या क्षणी माझ्याकडून तेवढंच निघालं.

मग माझ्या साडेचारची पत्ती तशीच पुढे आणली. पहिल्याच फेरीत तोंड गच्च. पापुद्रा आत अडकून पंख्याच्या घड्यांसारखा चुरगळला. पातं आणि पत्ती एकत्र धरून दिव्यासमोर पाहिलं तर दोघांच्या मधून एका कोपऱ्यात उजेड येत होता. पत्ती नीट टेकतच नव्हती. दीड मिलिमीटर मागे असताना ही फट कधी त्रास देत नाही, म्हणून कधी दिसलीही नाही. शिवाय पुढे सरकवलेल्या बैठकीमुळे तोंड आता फारच अरुंद झालं होतं. पत्ती जवळ आणली की तोंड थोडं उघडं लागतं, पापुद्र्याला निघून जायला जागा हवी. म्हणजे दुपारी मी जे केलं ते नेमकं उलट होतं. पत्तीची कड सपाट करून घेण्यात तास गेला असता, आणि तास नव्हता.

“तुझा रंधा दे,” मी म्हणालो. “आजच्या पुरता.”

तिने दिला, पण आधी तळ फडक्याने पुसून. मी पात्याची धार परत एकदा काढली, दोन्ही टोकं दगडावर जरा जास्त दाबून, म्हणजे कोपऱ्यांच्या रेघा फळीवर उमटणार नाहीत. पत्ती बसवताना स्क्रू अर्धवट आवळून अंगठ्याने पुढे ढकलली, कारण पूर्ण आवळताना ती आणखी केसभर पुढे सरकते आणि धारेवर चढली तर धार गेली. मग लाकडाची एक चिपटी तोंडावरून आधी डावीकडे, मग उजवीकडे ओढून पाहिली. दोन्हीकडे सारखा पापुद्रा निघेपर्यंत बाजूचा खटका हलवला. तळावर मेणबत्ती घासली. ती घासायला विसरू नका, पत्ती जवळ असली की रंधा चांगलाच जड जातो. पहिल्या ढकलीतच खांद्याला कळलं.

पहिली फेरी मी मुद्दाम सगळ्यात वाईट पट्ट्यावरून, उलट दिशेने घेतली. आवाज दबका, सलग. पापुद्रा सरळ उभा आला. मी पुढे वाकून पाहिलं नाही, अजून एक फेरी घेतली, मग अजून एक. विसाव्या-बाविसाव्या फेरीला खड्डा पसरट झाला, नंतर एक सावली राहिली, नंतर तीही नाही. मग बाकीच्या चार फळ्याही त्याच पातळीवर आणाव्या लागल्या, नाहीतर मधे पन्हळ पडली असती. दर पंधरा-वीस मिनिटांनी धार. शिकाऊ मुलगी धार काढून देत होती, मी ढकलत होतो. संध्याकाळी सातपर्यंत माझ्या पायाशी फितींचा ढीग घोट्यापर्यंत आला होता.

एक जागा मात्र गेली नाही. चौथ्या फळीत गाठ होती, तिच्याभोवती रेषा गोल फिरतात, तिथे सगळ्या बाजू उलट. पत्ती कितीही जवळ आणा, गाठीच्या कडेला दोन बारीक टोचे राहतच होते. तिथे मी रंधा ठेवला आणि हाताने खरवडायची सुटी पोलादी पत्ती घेतली, अंगठ्यांनी वाकवून. तेल लागल्यावर ती जागा बाकीच्या फळीपेक्षा किंचित मंद दिसते. मला दिसते. टेबलाच्या मालकाने आतापर्यंत काही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचा हात देऊन झाल्यावर मी साडेचार उघडला आणि पत्तीची कड दगडावर घासायला बसलो. फट जायला दीड तास लागला, वर पुढची कड साठ अंशांच्या आसपास उभी करून घेतली. मधेच शिकाऊ मुलगी आली आणि चार नंबर कुठे आहे म्हणून विचारलं. मी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

तिने तो उचलला, पत्ती किती मागे आहे ते डोळ्यांजवळ धरून तपासलं आणि काही न बोलता आपल्या खणात ठेवला.