मॅडम, फक्त शेक द्या

मी लातूरला फिजिओथेरपी करते, औसा रोडला छोटं क्लिनिक आहे, दोन टेबलं, शेकाचं मशीन आणि एक मदतनीस मुलगी. आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं निदान बऱ्याचदा घरीच झालेलं असतं, शिरेवर शीर चढलीय, गादी सरकलीय, हाडात वारं धरलंय, आणि आल्या आल्या सांगतात मशीन लावा नायतर शेक द्या. मी रागावत नाही, शेजारीपाजारी जे सांगतात तेच माणूस धरून बसतो. पण त्या सोमवारपासून मी शेक मागणाऱ्या प्रत्येक पेशंटला आधी नीट बघते, कितीही गर्दी असू दे.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. साडेअकराच्या सुमाराला रिक्षातून एक पोरगा उतरला, उतरला म्हणजे एका बाजूनं वडलांनी आणि दुसऱ्या बाजूनं रिक्षावाल्यानं धरून आणला, उजवा पाय अधांतरी. वय 20, अंगानं काटक, पोलीस भरतीची तयारी करणारा. आमच्याकडं हे लगेच ओळखू येतं, बारीक कापलेले केस आणि उन्हानं रापलेली मान. वडील औसा तालुक्यातले शेतकरी. म्हणाले, "मॅडम, पाय मुरगळलाय पोराचा. तिकडं फोटो काढलाय, हाड मोडलेलं नाही म्हणलेत. फक्त शेक द्या, मला सोयाबीनच्या पट्टीसाठी आडतीवर जायचंय."

मी क्रेप बँडेज सोडलं. पाय मुरगळला की सूज बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाखाली अंड्यासारखी येते. ही तशी नव्हती. ही टाचेच्या दोन्ही बाजूंनी होती, टाच रुंद झाल्यासारखी दिसत होती आणि घोट्यामागचे दोन खळगे पार बुजून गेले होते. मग मी पाय हळूच उचलून तळवा बघितला. तळव्याच्या मधोमध, कमानीच्या जागी निळा-काळा डाग, फरशीवर जांभूळ चिरडल्यावर राहतो तसा. तो डाग बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण टाचेचं हाड आतून फुटलं की रक्त झिरपत झिरपत तिथं येऊन साकळतं, नुसत्या मुरगळण्यानं नाही. आणि टाचेचं हाड काही रस्त्यानं चालता चालता फुटत नाही, माणूस उंचावरून टाचांवर पडला तर फुटतं.

सोबत आणलेला एक्स-रे बघितला. घोट्याचा होता, फक्त समोरून घेतलेला, त्यात टाचेचं हाड धड दिसतच नव्हतं. कुणी काढला ते मी सांगणार नाही, पण तळवा उलटा करून बघायला अर्धा मिनिट लागतो, तो कुणी दिला नव्हता, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

"कसा पडलास रे?"

"चालताना." हे म्हणताना त्यानं माझ्याकडं नाही, वडलांकडं बघितलं.

मी वडलांना म्हणलं, मामा, समोर चहा घेऊन या, मला जरा वेळ लागंल. ते बाहेर गेले आणि पोरगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, पार्कूर करायलो होतो."

पाच मित्र मिळून भाऊबीजेच्या रात्री जीप करून रत्नागिरीकडं गेले होते. समुद्र पहिल्यांदाच बघत होते सगळे. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती तिथल्या पोरांना पायापाशी लाटा येताना बघून काय वाटलं असंल ते मी समजू शकते, मला स्वतःला पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा रडू आलं होतं. हा पोरगा दोन वर्षांपासून मोबाईलवर बघून बघून पार्कूर, म्हणजे भिंती-कठडे असे अडथळे पळत, चढत, उड्या मारत पार करायचा खेळ, शिकत होता, गावातल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, शाळेच्या कंपाउंडवर. बीचवर त्याला सगळंच मोकळं मिळालं, होड्या, कठडे, दगड, सुरूच्या झाडांची बुंधं. पहिल्या दिवशी सकाळी सुरूच्या बनाजवळ एका भिंतीवरून कोरड्या वाळूत दहा-बारा उड्या मारल्या, पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि काही म्हणजे काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्र म्हणाले आता सूर्य मावळताना बंधाऱ्यावरून एक मार, व्हिडिओ भारी येईल.

तो व्हिडिओ त्यानं मला दाखवला. मी तीनदा बघितला, तिसऱ्यांदा एकदम स्लो करून. समुद्राला अडवायला दगडी बंधारा बांधतात ना तो, वर हा उभा, मागं केशरी आभाळ. उडी सुंदर होती, खरंच सुंदर, हात वर, छाती पुढं. आणि मग गुडघे जवळपास ताठ, दोन्ही टाचा एकदम खाली, उजवी जरा आधी. धप्प असा आवाज आला, त्यात वाळूचा आवाजच नव्हता, फरशीवर पोतं टाकल्यासारखा होता. त्याच्यानंतर तो बसल्या बसल्या हसतोय आणि मित्र ओरडतायत. हसताना त्याचा एक हात कमरेच्या मागं गेलेला मला दिसला.

झालं काय होतं, तर दिवाळी अमावस्येला येते, अमावस्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं, भरतीचं पाणी नेहमीपेक्षा खूप वर चढतं. त्या दुपारी पाणी थेट बंधाऱ्याला लागून गेलं होतं. संध्याकाळी ते मागं गेलं आणि मागं राहिली ती ओली, दाबून बसलेली वाळू, डांबरी रस्त्याची सख्खी बहीण. शिवाय लाटा भिंतीवर आपटून माघारी फिरतात तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेतात, त्यामुळं खालची जमीन पण खचलेली असते. पोराला वाटलं सात-आठ फूट आहे, व्हिडिओत बंधाऱ्याचे थर मोजले तर दहाच्या आसपास होतं. पण त्याला कोण सांगणार? आमच्याकडच्या पोरांना वाळू माहितीय ती मांजरा-तेरणेच्या कोरड्या पात्रातली नायतर बांधकामापुढं पडलेल्या ढिगाची. लहानपणी सगळेच त्या ढिगावर उड्या मारतात, मी पण मारल्यात. वाळू म्हणजे मऊ, हे आपल्या पायांनाच पाठ असतं. त्यानं ह्याच भरवशावर उडी टाकली होती, बेफिकिरीनं नाही.

हे सगळं ऐकत असताना मी त्याला म्हणलं जरा वर सरक, उशी नीट करते. तो दोन्ही हातांवर जोर देऊन अख्खा एकसंध वर उचलला गेला, लाकडाच्या ओंडक्यासारखा, आणि श्वास रोखून धरला.

"पाठ दुखायलीय का?"

"प्रवासानं आखडलीय मॅडम. बारा तास जीपमध्ये बसून आलोय."

टाचांवर पडलेल्या माणसाचा कणा बघायचा, हे आम्हाला कॉलेजात कानीकपाळी ओरडून शिकवलेलं असतं. टाचेवर आदळलेला धक्का तिथंच थांबत नाही, गुडघ्यातनं मांडीत, मांडीतनं खुब्यात आणि खुब्यातनं मणक्यात चढतो, आणि उंचावरून पडून टाच मोडलेल्या साधारण दहातल्या एकाला कमरेच्या मणक्याला पण फ्रॅक्चर असतं. बरगड्यांनी धरून ठेवलेला ताठ भाग जिथं संपतो आणि हलती कंबर सुरू होते त्या सांध्यावर सगळा मार बसतो. मी त्याला न हलवता, कुशीवर जरा कललेला होता तसाच ठेवून, दोन बोटांनी वरून एकेक मणका हळू ठोकत खाली आले. एक, दोन, तीन, काही नाही. बरगड्या संपतात त्याच्या खाली बोट टेकलं आणि तो "आई गं" म्हणून टेबलाची कड धरून कळवळला.

पायाची बोटं हलवून घेतली, हलत होती. बधिरपणा आहे का, मुंग्या येतात का, लघवी नीट होते का, सगळं विचारलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श कळतो का ते बघितलं. सगळं ठीक. तरी माझे हात गार पडले होते. वडलांनी सांगितलं तसं मी पालथं झोपवून शेक दिला असता, वरून जरा पाठ पण चोळून दिली असती, आखडलीय म्हणल्यावर आपण देतोच की. तो विचार अजूनही मला रात्री जागं करतो.

मदतनीस मुलीला सांगितलं ह्याला अजिबात उठू द्यायचं नाही, आणि ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांना फोन लावला, ॲम्ब्युलन्स मागवली. तेवढ्यात वडील आले. मी सांगितलं, मामा, टाचेचं हाड मोडलंय असं दिसतंय आणि मणक्याचा पण फोटो काढावा लागंल.

मणका हा शब्द ऐकला आणि तो माणूस दारातच खाली बसला. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. बराच वेळानं म्हणाले, "भूकंपात माझ्या भावाचा मणका गेला मॅडम. माळवदाखाली सापडला होता. जिवंत काढला, पण परत उभा राहिला नाही." 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत किल्लारीकडची गावं दगडामातीच्या ढिगाखाली गेली, हे लातूर-धाराशिवकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण माझ्या दारात बसलेल्या ह्या माणसाच्या डोक्यात मणका म्हणजे तो भाऊ होता, आणि मी किती सहज बोलून गेले. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि पोराची बोटं हलतात, पायाला स्पर्श कळतो, हे दोन-तीनदा सांगितलं. मग ते उठले, आत गेले, पोराच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून म्हणाले, "हलीव." त्यानं हलवला. परत म्हणाले, "हलीव." आणि आडतवाल्याला फोन करून सांगितलं की आज येत नाही.

टाचेला चीर होती, तुकडे सरकलेले नव्हते. मणक्याचा एक्स-रे, मग एमआरआय. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं जरा चेपला होता, पण मागचा भाग शाबूत, मज्जारज्जूला धक्का नाही. ऑपरेशन लागलं नाही. टेलर ब्रेस, म्हणजे पाठ ताठ धरून ठेवणारा पट्टा, तीन महिने आणि उजवा पाय दोन महिने जमिनीला टेकवायचा नाही. त्या वर्षीची भरती गेली. 1600 मीटर त्यानं पाच मिनिटाच्या जवळ आणलं होतं, ते सांगताना मात्र तो रडला, इतका वेळ रडला नव्हता.

मी आठवड्यातनं एकदा त्यांच्या गावी जायचे, घरीच व्यायाम घ्यायचे. जानेवारीत वडलांनी हरभऱ्याच्या ढाळ्यांची एवढी मोठी पेंढी गाडीत टाकली की मदतनीस मुलीच्या घरी पण पुरली. पोरगा पडल्या पडल्या बोलायचा आणि सगळं पार्कूरबद्दल. मी तोवर हे नुसतं फिल्मी माकडउड्या समजत होते. त्याच्याकडनं ऐकून मग रात्री वाचलं. पॅरिसजवळच्या लीस नावाच्या गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या दोस्तांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी हे वाढवलं, आणि डेव्हिडला ते मिळालं बापाकडून, रेमाँ बेल हा पॅरिसच्या अग्निशमन दलातला माणूस. त्याच्याही मागं जॉर्ज एबेर नावाचा नौदलातला अधिकारी, त्याचं म्हणणं होतं की ताकद कमवायची ती उपयोगी पडायला. आता ह्या खेळाची जागतिक स्पर्धा पण होते, पहिली टोकियोला 2022 मध्ये झाली. ह्या सगळ्यात माझ्या कामाची गोष्ट एकच होती, ह्यात मुरलेली माणसं नवीन पोराला आधी उतरायला शिकवतात. पायाचे पुढचे चवडे टेकवायचे, गुडघे वाकवायचे, अंग पुढं सोडायचं, उंची जास्त असली तर खांद्यावरून तिरकं लोळून जायचं, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. आणि उतरताना आवाज आला नाही पाहिजे.

मला हे नवीन नव्हतं. मी शाळेत खो-खो खेळायचे, उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात वाढले, तिथं पोरगी चालायला लागली की खो-खो खेळते. आमच्या सरांनी पहिले दोन महिने सूर मारून पडायचं कसं तेवढंच शिकवलं होतं, मातीवर, कोपरं सोलून निघायची. ह्या पोराला असे सर मिळाले नव्हते, त्याला मोबाईल मिळाला होता, आणि मोबाईलवर पोरं उडी परत परत बघतात, उतरण्यावर व्हिडिओ कापलेला असतो. म्हणून मी त्याला अविनाश साबळेच्या शर्यती लावून दिल्या. आष्टी तालुक्यातला आपल्या बीडचा माणूस, 2022 ला कॉमनवेल्थमध्ये रौप्य, 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. म्हणलं तो उडतो कसा ते बघू नको, पाण्यात पाय पडल्यावर अंग कुठं जातं ते बघ. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला, "मॅडम, तो थांबतच नाही. पडतो आणि तसाच पुढं जातो."

मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. लोळायचं अजून नाही, उंचीवरून तर नाहीच. सकाळी साडेसहाला आम्ही क्रीडा संकुलाच्या मैदानावर गेलो, वडील पण आले होते, कंपाउंडला टेकून उभे. मी एक वीट आडवी ठेवली आणि त्याला म्हणलं ह्याच्यावरनं उतर. 1600 मीटर पळणारा पोरगा, एका विटेवर उभा राहून खाली बघत होता आणि पोटऱ्या थरथरत होत्या. उतरला. टाच आधी लागली, मला ऐकू आलं.

"परत."

तिसऱ्यांदा चवडे आधी लागले पण गुडघे अडखळले. सातव्या का आठव्या वेळेला काहीच ऐकू आलं नाही, बाजूला भरतीची पोरं पळत होती त्यांच्याच बुटांचा आवाज. मी वडलांकडं बघितलं. ते कंपाउंड सोडून जवळ आले होते आणि त्याच्या पायांकडंच बघत होते.

मी विटेवर दुसरी वीट ठेवली.