14 एप्रिलवरचा लाल गोल

22 मार्च 2020 च्या संध्याकाळी 5 वाजता माझ्या लेकाने गॅलरीत उभं राहून स्टीलचं ताट इतकं बडवलं की त्याला पोचे पडले. जनता कर्फ्यू त्याला सणच वाटला. दोन दिवसांनी 21 दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं. "आई, शाळा कधी?" त्याने विचारलं आणि मी बोलून गेले, "14 एप्रिलनंतर सगळं उघडणार." त्याने कालनिर्णयवर 14 तारखेभोवती लाल स्केचपेनने गोल काढला. रोज रात्री एका तारखेवर फुली.

पंधरवड्यात आमचा पेठेचा भाग सील झाला. गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले. घर दोन खोल्यांचं, माणसं चार, त्यात सासूबाईंना मधुमेह. टीव्हीवर दिवसभर आकडे चालू. सात वर्षांच्या पोराला काय कळतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला. ही सवय सुटून चार वर्षं झाली होती. हात इतके धुवायचा की बोटांची सालं निघाली. नवरा दूध घेऊन आला की हा दाराआड. मी रागावले, एकदा पाठीत धपाटाही घातला. त्याचं अजून वाईट वाटतं.

14 एप्रिलला सकाळी मुदत 3 मेपर्यंत वाढली. तो रडला नाही. कालनिर्णयपाशी गेला, लाल गोलावर फुली मारली आणि म्हणाला, "तू खोटं बोललीस."

त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलाला भीती बोलून दाखवता येत नाही तेव्हा ती अशी बाहेर पडते. अंथरुणावरून चकार शब्द काढू नका. आपल्यालाच ठाऊक नाही त्याचं वचन देऊ नका. आणि समजवायच्या आधी त्याला काय वाटतंय ते विचारा.

रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, "कोरोना म्हणजे काय वाटतं रे तुला?" बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "तो दुधाच्या पिशवीवरून येतो. मी हात लावला तर आजीला होईल. मग आजी मरेल. माझ्यामुळे."

इतके दिवस पोर हे एकटं घेऊन झोपत होतं. "आजीला काही होणार नाही" हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. त्याला कुशीत घेऊन म्हणाले, "आजीला काहीही झालं तरी ती तुझी चूक नसेल. तिला जपायला आम्ही मोठी माणसं आहोत ना."

दुसऱ्या दिवसापासून बातम्या तो झोपल्यावरच. हात कधी धुवायचे ते ठरवलं, वीस आकडे मोजून, आणि धुतल्यावर सासूबाई त्याच्या बोटांना खोबरेल तेल चोळायच्या. पहिल्यांदा त्याने हात मागे घेतला. त्यांनी काही न बोलता आपला तळवा तसाच पुढे धरून ठेवला. रोज संध्याकाळी 5 वाजता आमची 'काळजीची वेळ' असायची. दिवसभरात आलेला प्रश्न तेव्हा विचारायचा, आणि मला माहीत नसेल तर मी तसं सांगायचं. सुरुवातीला अर्धा तास पुरायचा नाही. जूनपर्यंत दोन मिनिटांत उठून जायला लागला. मधे शेजारच्या काकांना ॲम्ब्युलन्समधून नेलं, तेव्हा पुन्हा तीन रात्री अंथरूण ओलं झालं. आम्ही चादर बदलली, बस.

30 जूनला पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या. दरवर्षी पालख्यांचा मुक्काम आमच्या भागात असतो, सासूबाईंनी तो आजवर कधी चुकवला नव्हता. टीव्हीवर फुलांनी सजवलेली बस बघताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लेक हातातला खेळ टाकून त्यांच्या मांडीला टेकला.

"आजी, तुला काय वाटतंय?"

त्या बोलायला लागल्या. मी आवाज बारीक केला.