दोन दिली तर ताकद वाढेल ना?

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावरून उठून नातेवाईक आमच्या लॅबच्या खिडकीशी येतात. हातात कल्चरचा रिपोर्ट, त्यात ‘आर’, ‘आर’, ‘आर’ अशी रांग; ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. प्रश्न ठरलेला: “मॅडम, एका अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाही, तर दोन एकदम द्या की. ताकद वाढेल ना?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कधीकधी घटतेसुद्धा. 1951 साली न्यूमोकोकस या जंतूच्या मेंदूज्वराचे आकडे छापून आले: नुसत्या पेनिसिलिनवर शंभरातले साधारण 30 दगावले, सोबत टेट्रासायक्लिनच्या जातीचं औषध दिलं त्यांच्यातले 79. रुग्ण थोडे होते, पण कारण पटण्यासारखं आहे. जंतू वाढताना भिंत बांधतो, तेव्हाच पेनिसिलिन त्याला गाठतं. दुसऱ्या औषधाने वाढच थांबवली, की गाठणार कोणाला?

मग जोडी जमते कधी? आमच्याकडच्या क्लेबसिएला या जंतूचंच घ्या. त्याच्याकडे एनडीएम नावाचं एन्झाइम असलं की मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा भुगा होतो. (एनडी म्हणजे नवी दिल्ली, या नावावरून भांडणही झालं.) गंमत अशी, की ॲझट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक एनडीएमला तोडता येत नाही. पण असला जंतू एकटं एनडीएम बाळगून थोडाच बसतो! त्याच्याजवळची बाकीची एन्झाइमं ॲझट्रिओनामचा फडशा पाडतात. त्यांना आवरतं ॲविबॅक्टम, जे आमच्याकडे सहसा सेफ्टाझिडिम या आणखी एका अँटिबायोटिकच्या जोडीने येतं.

हे जंतू वाढवायच्या प्लेटवर डोळ्यांनी दिसतं. संध्याकाळी जंतू पसरून औषध मुरवलेल्या कागदाच्या दोन डिस्क एकमेकींपासून वीसेक मिलिमीटरवर ठेवायच्या, एक ॲझट्रिओनामची, एक सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टमची. सकाळी इन्क्युबेटर उघडावा तर दोन्हींच्या बाहेरच्या अंगाला जंतू अगदी कडेपर्यंत भिडलेला, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्ही औषधं झिरपून भेटली, तिथे आगर, म्हणजे जंतू वाढतो ती जेली, स्वच्छ. इतकी वर्षं झाली, तरी तो पट्टा दिसला की मी शेजारच्या टेक्निशियनला हाक मारतेच.

सगळ्या जोड्या असं फळ देत नाहीत. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला मेरोपेनेमची जोड देऊन 406 रुग्णांवर चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला: एकट्या कोलिस्टिनपेक्षा ठळक फायदा नाही. त्यातले बहुतेक ॲसिनेटोबॅक्टर या वेगळ्या जंतूचे रुग्ण होते.

परवा एका काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग आमच्या प्लेटवर पट्टा आलाय का?” ती प्लेट तेव्हा इन्क्युबेटरमध्येच होती. उद्या सकाळी साडेनऊला या, म्हटलं.