सहीची एकच रेघ : फॅमिली थेरपीच्या संशोधनाला एथिक्स मंजुरी मिळवताना

फॅमिली थेरपीच्या प्राध्यापकाला संशोधनाचा विषय विचारला की 'जोडप्यांमधले वाद', 'वयात येणारी मुलं आणि पालक' असं सुटसुटीत उत्तर मिळतं. पण अभ्यास सुरू होतो एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात सहभागी माणसांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आल्यावर, आणि माझं घोडं तिथेच पेंड खात बसलं. विषय, वाचन, आराखडा यांत सांगण्यासारखं काही नाही. सगळं अडलं संमतीपत्रावर.

कमिटीच्या छापील नमुन्यात तळाशी एकच रेघ होती : 'सहभागी व्यक्तीची सही'. इथे तर नवरा, बायको आणि तेरा वर्षांचं मूल एका खोलीत बसणार, तिघांचं एकच रेकॉर्डिंग होणार. मी तीन रेघा आखून अर्ज पाठवला. तो परत आला. शेरा : 'एका सदस्याने माघार घेतल्यास काय?' प्रश्न रास्त होता, हे आता कबूल करतो. राग याचा, की एका ओळीच्या शेऱ्यासाठी पुढच्या महिन्याच्या बैठकीची वाट पाहावी लागली, आणि ते उत्तर दिल्यावर दुसऱ्याच सदस्याची दुसरीच शंका निघाली.

शेवटी जे मंजूर झालं ते असं. प्रत्येकाला वेगळं पत्र, आणि सही वेगळ्या खोलीत. जोडीदारासमोर 'नको' म्हणणं फार अवघड असतं. मुलासाठी पालकांची परवानगी लागतेच, शिवाय त्याला कळेल अशा भाषेत त्याचा स्वतःचा होकार. मूल नाही म्हणालं तर पालकांचा होकार असूनही ते कुटुंब अभ्यासात नाही. माहितीचे दोन भाग करा. प्रश्नावली आणि एकट्याची मुलाखत ज्याची त्याची. ती काढून घेण्याचा हक्क फक्त त्याचा. एकत्र बोलण्याचा व्हिडिओ सगळ्यांचा. एकानेही माघार घेतली तर तो पूर्ण पुसायचा. फक्त त्या माणसाचा आवाज काढून चालत नाही, कारण उरलेलं प्रत्येक वाक्य त्यालाच दिलेलं उत्तर असतं. माघारीची शेवटची तारीखही पत्रात लिहा : नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी ज्या दिवशी नष्ट होणार, तो दिवस. 'कधीही माघार घेता येईल' हे छापील वाक्य तसंच ठेवलंत तर पाळता न येणारं वचन देऊन बसाल.

दुसरी शंका गोपनीयतेची. 'नावं बदलू' एवढं लिहिलं की बाहेरच्यांपासून माणूस लपतो, घरच्यांपासून नाही. बायकोने एकटीने सांगितलेलं वाक्य नवरा प्रबंधात वाचतो आणि क्षणात ओळखतो. म्हणून उताऱ्यांखाली जोडप्याचा क्रमांक घालू नका, एकाच घटनेबद्दलची दोघांची वाक्यं शेजारी ठेवू नका, आणि एकीकडे ऐकलेलं दुसरीकडे प्रश्नातून फुटू देऊ नका. मुलाला इजा होत असल्याचं कळलं तर गुप्तता राहणार नाही, हेही पत्रात आधीच स्पष्ट हवं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : घरात मारहाण आहे का, हे दोघांना वेगवेगळं विचारूनच कुटुंब निवडा. वादाच्या विषयावर १५ मिनिटं बोलायला लावणारा अभ्यास असेल तर हे टाळताच येत नाही. संभाषण कधी थांबवायचं याचे निकष लिहा, आणि शेवटी मन निवळेल अशा विषयावर थोडं बोलणं ठेवा. अभ्यासात सहभागी व्हाल का, हे स्वतःच्या क्लायंटना स्वतः विचारू नका. थेरपिस्टला नकार देणं त्यांना जमत नाही.

प्रश्नावलीबद्दलही कमिटीवाले टोचून बोलले, 'फार लांब'. जोडप्याचं एकमेकांशी किती जुळतं हे मोजणाऱ्या, स्पॅनिअर यांच्या १९७६ च्या डायॅडिक अ‍ॅडजस्टमेंट स्केलमध्ये ३२ प्रश्न आहेत; १९९५ च्या सुधारित आवृत्तीत १४. मी १४ वर आलो. दोघांनी ती एकाच वेळी, पण वेगळ्या खोल्यांत भरायची. नाहीतर उत्तरं एकमेकांकडे झुकतात. संख्याशास्त्रवाल्या सदस्यासाठी एक वाक्य अर्जातच घाला : ४० जोडपी म्हणजे ८० स्वतंत्र माणसं नव्हेत. एकाच घरातली उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून विश्लेषणाचं एकक जोडपं धरायचं आणि अ‍ॅक्टर-पार्टनर मॉडेल (एकाचा स्वतःवर आणि जोडीदारावर होणारा परिणाम वेगवेगळा मोजणारी पद्धत) वापरायचं. हे आधी लिहिलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती.

मुलाखतीचे प्रश्न शब्दशः देऊ नका, विषयांची यादी आणि दोन-तीन नमुना प्रश्न द्या. नाहीतर पुढे एखादा प्रश्न बदलायलाही दुरुस्तीचा अर्ज लागू शकतो. आणि मंजुरीपत्रावरची मुदत बघा, ती बऱ्याचदा वर्षाचीच असते. नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी टाका, कारण तोही त्याच बैठकीत जातो.