कुठेही राहायची मुभा मिळाली तर? मी कोल्हापूर म्हणतेय

आमच्या कंपनीने यावर्षी लेखी कळवलं की तुमची टीम आता कायमची रिमोट, भारतात कुठूनही काम करा, फक्त नेट नीट पाहिजे. तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. इतकी वर्षं हा प्रश्न नुसता गप्पांतला होता, कोणीतरी चहा पिताना विचारायचं की नोकरी, पैसा, शाळा कशाचीच अडचण नसेल तर कुठे राहशील, मग कोणी कोकणातलं कौलारू घर म्हणायचं, कोणी न्यूझीलंड म्हणायचं आणि विषय संपायचा. आता खरंच निवडायचंय आणि मी कोल्हापूर म्हणतेय.

ऐकलं की सगळे पहिलं हेच विचारतात, तिथे तुमचं कोण आहे? कोणी नाही. माहेर अकोल्याचं, सासर नाशिकचं, संसार पुण्यात वाकडला. हॉस्टेलची माझी रूममेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, तिच्यामुळे जाणं-येणं सुरू झालं आणि दर वेळी परत येताना किणी टोलनाक्यापर्यंत डोक्यात तेच असायचं की इथे राहायला पाहिजे यार.

नवऱ्याला गुहागर हवं होतं. समुद्र सुंदर, माणसं चांगली, मला मान्य आहे, पण आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बीपी आहे आणि रात्री काही झालं तर चिपळूण साधारण 45 किलोमीटर, तेही भर पावसात आणि लाईट गेलेली असताना. सुट्टीत आठ दिवस राहणं वेगळं. गोव्याच्या घरांचे भाव बघून तो विषय तिथेच सोडला. दीर कॅनडात आहेत, ते म्हणतात इकडे या, पण आईंना सोडून मी कुठेही जाणार नाही आणि आईंना बर्फात न्यायचं नाही. नाशिक सोपं होतं, घर आहे तिथे. पण नाशिक वाढतंय ते पुण्यासारखंच, शहराबाहेर टॉवर, टॉवरला गेट, गेटवर वॉचमन.

माझी खरी अडचण त्या गेटशीच आहे. आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे, क्लबहाऊस आहे, जॉगिंग ट्रॅक आहे आणि गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की फुटपाथ नाही. जे काही चांगलं आहे ते मेंटेनन्स भरणाऱ्यांसाठी आतमधे. मुलगा आठवीत आहे आणि तो एकटा चालत कुठेही जात नाही कारण चालत जाण्यासारखं काही नाहीच, क्लासला रिक्षा, मित्राकडे रिक्षा, खेळायला पैसे भरून टर्फ. मला असं गाव हवंय जिथे गावातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी गेटच्या बाहेर आहेत आणि सगळ्यांच्या आहेत. हे मी कोल्हापुरात पाहिलंय.

याचं बरंचसं श्रेय शाहू महाराजांना आहे आणि हे मी पुतळ्यापुढे हात जोडून बोलायचं म्हणून बोलत नाही, रोजच्या वापरातल्या गोष्टी बघून बोलतेय. खासबाग मैदान 1912 चं. महाराज युरोपात गेले तेव्हा रोमचं कलोसियम बघून आले आणि तसं काहीतरी कुस्तीसाठी इथे पाहिजे म्हणून त्यांनी मैदान बांधून घेतलं, मधे हौदा आणि चारी बाजूंनी बसायला चढती जागा, कुठूनही बसलात तरी कुस्ती दिसते. त्याला लागूनच 1915 मधे नाट्यगृह बांधलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं केशवराव भोसले नाट्यगृह. राधानगरी धरण त्यांनीच सुरू केलं. 1901 मधे मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, दलित, सगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं, खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं तर त्याला डोकं टेकायला जागा पाहिजे म्हणून. 1902 मधे मागास समाजांना नोकऱ्यांत 50 टक्के आरक्षण. 6 मे 2022 ला त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी दहा वाजता अख्खं शहर 100 सेकंद थांबलं होतं, बाजार, गाड्या, माणसं. राजा जाऊन शंभर वर्षांनी माणसं अशी मनापासून थांबतात याचं कारण त्याने करून ठेवलेलं अजून रोज त्यांच्या कामी येतंय.

आता गंगावेशीतला दूध कट्टा सांगते. संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेला म्हशी आणून उभ्या करतात, तुम्ही ग्लास सांगायचा, गवळी तिथेच उकिडवा बसतो, कासेवर पाणी मारतो आणि थेट ग्लासात धार काढतो, फेस ग्लासाच्या वर चढतो आणि ग्लास हातात येतो तेव्हा दूध कोमट असतं. न तापवता, साखर न घालता तसंच प्यायचं. डॉक्टर लोक कच्चं दूध पिऊ नका सांगतात ते मला माहितीये, मुलाला मी अर्धाच ग्लास दिला होता. पण तिथे उभं कोण असतं ते बघा, कान मोडलेला पैलवान, ड्युटी संपवून आलेला कंडक्टर, साडीचा पदर खोचून आलेल्या आज्जी आणि गाडी कडेला लावून उतरलेला कोणी कारखानदार. सगळे एकाच रांगेत, एकाच म्हशीचं दूध. वाकडला मी आणि माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी एकाच ठिकाणी उभं राहून एकच गोष्ट खातोय पितोय असं कुठेच होत नाही आणि ते मला फार लागतं.

मुलाला मात्र कोल्हापूर आवडलं ते फुटबॉलमुळे. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हणजे कुस्ती एवढंच माहीत असतं पण तिथला फुटबॉल म्हणजे वेगळंच जग आहे. पेठापेठांच्या टीम, पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, नावं तालमींची आणि खेळ फुटबॉलचा. हिवाळ्यात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की शाहू स्टेडियम भरायला लागतं आणि वर्ल्ड कप असला की पेठांमधे मेस्सी आणि रोनाल्डोचे कटआऊट गणपतीच्या मंडपाच्या उत्साहाने लागतात. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपमधे भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आम्ही मॅच बघायला गेलो तेव्हा शेजारी बसलेले एक काका मुलाला प्रत्येक खेळाडूचं घर सांगत होते, "त्यो दहा नंबर बघ, आमच्या गल्लीतला हाय, वडील त्याचे भाजी इकत्यात, डावा पाय लई भारी हाय पोराचा." मुलगा दोन्ही हाफ जागचा हलला नाही. घरी मोबाईलवर तो युरोपच्या मॅचेस बघतो, तिथल्या एकाही खेळाडूच्या गल्लीत तो कधी जाणार नाहीये.

आणि तिथली माणसं गावाच्या गोष्टीसाठी रस्त्यावर उतरतात, हे मला सगळ्यात जास्त भावतं. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तर शेकापचे नेते एन. डी. पाटील यांच्यासारखा म्हातारा माणूस पुढे होऊन वर्षानुवर्षं आंदोलन चाललं आणि 2015 च्या शेवटी टोल गेलाच. हायकोर्टाच्या बेंचसाठी वकिलांनी कित्येक दशकं मागणी लावून धरली, 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंच सुरू झालं. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनचं पाणी मिळायला 2023 ची दिवाळी उजाडली, पण त्या मागणीत एक अख्खी पिढी गेली तरी मागणी सोडली नाही कोणी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मैत्रिणीने रात्री फोन केला तेव्हा ती नुसती रडत होती, बोलताच येईना तिला. माझ्या शहरातलं एखादं नाट्यगृह जळालं तर मी बातमी वाचून हळहळेन आणि स्क्रोल करेन, असं रडायला ती जागा आपली असावी लागते ना.

अजून एक, हे लिहिताना जरा विचित्र वाटेल पण मला महत्त्वाचं वाटतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. आणि होळीला लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, जाळण्याऐवजी स्मशानभूमीला दान देतात, तालमी, मंडळं, शाळेची पोरं शेणी गोळा करून नेऊन देतात. कोण कुठल्या घरातला गेला, ऐपत आहे की नाही, कोणी विचारत नाही. राहायची जागा निवडताना आपण शाळा बघतो, हॉस्पिटल बघतो, मला हे पण बघावंसं वाटलं.

आता जे खुपतं तेही सांगते. पूर. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, पावसाळ्यात कोल्हापूरकरांना हे दोन आकडे स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे सकाळी उठून आधी बघतात. 2019 मधे पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर कित्येक दिवस तुटलं, 2021 मधे पुन्हा तेच. नदीच्या पात्राला लागून बांधकामं झाली, भराव टाकले गेले, त्याची किंमत सुतारवाड्यातली आणि शाहूपुरीतली माणसं देतात, आणि मला या गोष्टीचा मनापासून राग आहे. मैत्रिणीच्या घरी 2019 मधे शाहूपुरीचे नातेवाईक मुक्कामाला होते आणि काकू रोज डबे भरून तालमीत पाठवत होत्या, तालमीची पोरं ते बोटीतून पुढे नेत होती. हे ऐकून भरून येतं, पण दर दोन-चार वर्षांनी माणसांनी एवढं चांगलं वागायला लागूच नये असंही वाटतं.

रंकाळा तलावाचं पाणी कधी कधी हिरवं पडतं आणि वास येतो. जयंती नाल्यातून घाण नदीत जाते आणि खाली शिरोळपर्यंतच्या गावांना भोगावी लागते. शिकलेली पोरं पुण्याला जातात कारण तशा नोकऱ्या तिथे नाहीत, मी जाऊ शकतेय ते माझी नोकरी माझ्यासोबत येतेय म्हणून. आणि जून 2023 मधे मोबाईलच्या स्टेटसवरून तिथे दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं, हे शाहूंच्या गावात झालं याचं मला फार वाईट वाटलं. मी हे मैत्रिणीला विचारलंच, की बाई खरं सांग, गाव बदललंय का? ती म्हणाली, "बदललंय की थोडं, खोटं कशाला बोलू. पण आमच्याच जिल्ह्यात कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसवत्यात, ते पण अजून चालू हाय. तू ये, बघ, आणि काय चुकतंय ते बोल आमच्यासोबत." कोणी मला "आमच्यासोबत बोल" असं म्हटलेलं वाकडच्या सोसायटी मीटिंगमधे तरी मी ऐकलेलं नाही.

मग घर कुठे बघायचं हा प्रश्न. ब्रोकरने आर. के. नगर आणि पाचगावकडे दाखवलं, उंचावर आहे, पुराचं पाणी येत नाही, नवे फ्लॅट, पार्किंग, लिफ्ट, गेट. घर छान होतं पण तिथे राहायचं तर वाकडच पुन्हा, प्रत्येक गोष्टीला गाडी काढा. मला पेठ हवीये, शिवाजी पेठ नाहीतर मंगळवार पेठ, जिथून मुलगा चालत मैदानावर जाईल आणि आई चालत अंबाबाईला जातील. आईंनी त्यांची अट आधीच सांगितलीये, "अंबाबाई आहे तिथे, मला चालेल. पण घर खाली बघ गं, जिने नकोत मला." मैत्रीण म्हणते खालचं घर घेताना आधी पाण्याची खूण विचार. म्हणून आम्ही दोघी गल्ल्या हिंडलो, घरमालकाला न विचारता समोरच्या दुकानदाराला विचारायचं, दादा एकवीसला पाणी कुठवर आलं होतं? एकाने सरळ सांगितलं, "ताई, हे नका घेऊ, वरच्या अंगाला बघा, तिथं दोन्ही पुरात आलं नाही." त्याच्या गल्लीत भाडेकरू आला असता तर गिऱ्हाईक त्याचंच वाढलं असतं.

वरच्या अंगाला तळमजल्याचं एक घर मिळतंय, जुनं आहे, मागे न्हाणी आणि छोटं परसू, दोन खोल्यांत शहाबादी फरशी. नेटची लाईन येते हे मी आधी तपासून घेतलं. नवरा एका वर्षासाठी तयार झालाय, एक पावसाळा काढू मग विकतचं बघू म्हणतोय, मला ते पटलं. शाळेत चौकशी करून झालीये. मैत्रिणीच्या आईला फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सामान येईल त्या दिवशी चूल पेटवायची नाही हं, जेवण आमच्याकडनं येणार." जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आत टेम्पो ठरवायचाय.