बॉक्सवरचा आकडा सोडा, चार्जर उलटा करून बघा

कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलं की एकाच फळीवर १८, २०, २१ आणि ४८ व्होल्टची मशीनं दिसतात. यातली पहिली तीन एकच आहेत. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो आणि पूर्ण भरला की ४.२. पाच सेल ओळीने जोडले की सरासरी १८, भरल्यावर २१; २० हा त्यांच्या मधलाच. कोणता आकडा छापायचा, एवढाच काय तो फरक. स्वस्त मशीनवरचं ४८ तर बहुतेकदा नुसतं छापलेलं असतं. अशा मशीनचा चार्जर उलटा करा आणि 'आउटपुट'समोरच्या व्होल्टला ४.२ ने भागा. २१ असेल तर पाच सेल, १२.६ असेल तर तीन. बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो.

पुढचा घोळ अँपिअर-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती चार्ज साठतो त्या मापाचा. जुन्या १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एका सेलची मजल साधारण साडेतीन अँपिअर-अवरपर्यंतच. म्हणजे १८ व्होल्टच्या ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला असे दहा सेल हवेत (पाच-पाचच्या दोन ओळी), किंवा २१७०० मापाचे मोठे पाच. सेलचं वजन लपवता येत नाही: १८६५० सुमारे ४५ ग्रॅम, २१७०० सुमारे ७०. बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. प्लास्टिकच्या कवचासकट वजन चारशे ग्रॅमच्या आत आणि लेबलवर '६ अँपिअर-अवर' असेल, तर ते लेबल खोटं आहे.

घरी भिंतीला ६-८ मिमीची भोकं पाडायची, स्क्रू मारायचे, एवढंच काम असेल तर ५ अँपिअर-अवरच्या एका बॅटरीपेक्षा २ च्या दोन घ्या. हात दुखत नाही आणि एक वापरात असताना दुसरी चार्जिंगला लागते. ग्राइंडर किंवा सर्क्युलर सॉ मात्र वेगळं प्रकरण. ७०० वॅट ओढायचे तर १८ व्होल्टवर जवळपास ३९ अँपिअर लागतात. पाच लहान सेलांवर हा भार पडला की व्होल्टेज खाली बसतं, पॅक तापतो आणि लोखंड अर्धं कापलेलं असताना मशीन बंद पडतं. दहा सेलांच्या पॅकमध्ये तोच भार दोन ओळींत वाटला जातो. म्हणून ग्राइंडरला ४ च्या खाली जाऊ नका. आणि आरसीसी बीममध्ये भोक पडत नाही म्हणून मोठी बॅटरी आणू नका. तिथे एसडीएस रोटरी हॅमरच (बिट फिरवता फिरवता आपटणारं मशीन) हवा.

पहिली बॅटरी घेतली की पुढची सगळी मशीनं त्याच खाचेची घ्यावी लागतात, म्हणून आधी बॅटरी ठरवा, मग ड्रिल. एकाच कंपनीतसुद्धा गल्ली चुकते: बॉशच्या निळ्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी हिरव्याला बसत नाही, मकिताची ४० व्होल्टची १८ च्या मशीनला चालत नाही. अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर डिवॉल्टची '२० व्होल्ट मॅक्स' इथल्या त्याच नावाच्या मशीनला बसते, पण चार्जर आणू नका. तिकडचा चार्जर १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला की गेला. विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर, हे १०० च्या मर्यादेत बसतं. ६ ची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते.

ग्राइंडरमधून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. अर्धा तास पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात काम बंद असेल तर अर्धी भरून, मशीनमधून काढून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच महिनोन् महिने पडली की सेल अडीच व्होल्टच्या खाली जातात आणि चार्जर तिला घेतच नाही. मग कोणीतरी दुसऱ्या बॅटरीची वायर लावून तिला 'उठवायचा' सल्ला देतं. ते करू नका. फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू शकतं, चार्ज करताना ते पुन्हा भलत्याच जागी साठतं आणि सेल आतूनच शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी टर्मिनलवर टेप लावून ई-कचऱ्यात द्या.